सतरा सप्टेंबरनंतरचे आठवडे

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी निलंग्यातही तिरंगा फडकतो, आणि ते योग्यच होय. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी जे केले, ते विसरा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु निजामाची फौज शरण आल्यानंतरचे आठवडे आमच्या भाषणांतून कोठे गडप होतात? निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. नेहरूंच्या सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदविला. साऱ्या संस्थानात २७ ते ४० हजार. कित्येक ठिकाणी सैनिकांनीच गावातील मुसलमान पुरुषांना बाहेर काढून ठार केले, असेही तिने लिहिले आहे. कासीम रझवी लातुरात वकिली करी. त्याचा हिशेब निःशस्त्र विणकराकडून चुकता करून घेणे, याला सूड म्हणण्याचीही सोय नाही.

हा अहवाल कित्येक दशके दप्तरात बांधून ठेवला गेला. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येऊ लागला. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यातच आहे. तो दडविताना त्यांचेही पुण्य दडविले गेले! महाराष्ट्र शासनाने तो अधिकृतपणे मराठीत छापावा व मराठवाड्यातील प्रत्येक तालुका ग्रंथालयात ठेवावा, अशी आमची मागणी आहे.