क्रुसेडर किंग्ज ३: गेममध्ये संस्कृतीचं कार्ड होतं, तेव्हा काय उरतं आणि काय गळतं?

रंगीत नकाशांचे टाइमलॅप्स व्हिडिओ तुम्ही यूट्यूब किंवा इन्स्टावर नक्की पाहिले असतील. वर्षं भराभर पळतात, राज्यांचे रंग पसरतात, आटतात, आणि खाली लोकांचं भांडण जुंपतं: "बघा, हा भाग आमचाच होता!" गंमत म्हणजे यातले काही नकाशे इतिहासाच्या पुस्तकातले नसतात. ते गेममधले असतात. म्हणूनच अशा गेममध्ये संस्कृती नावाची गोष्ट आतून कशी चालते, हे समजून घ्यायला हवं. आज त्यासाठी 'क्रुसेडर किंग्ज ३' उघडून बघू.

आधी गेमची ओळख

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा स्ट्रॅटेजी गेम सप्टेंबर २०२० मध्ये पीसीवर आला. मार्च २०२२ मध्ये तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवरही आला. मोबाइलवर तो नाही, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो फक्त व्हिडिओंमध्येच पाहिलेला असतो. यात तुम्ही एखाद्या मध्ययुगीन राजाचं किंवा सरदाराचं घराणं चालवता. लग्नं, वारसाहक्क, कटकारस्थानं, लढाया असं सगळं करत १४५३ सालापर्यंत जाता येतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'ऑल अंडर हेवन' या विस्तारामुळे नकाशात चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशियाही आले. भारत मात्र पहिल्या दिवसापासून आहे आणि संस्कृतींच्या यादीत 'मराठी' ही सुद्धा आहे. पण त्यात एक मेख आहे. उत्तर युरोप, स्पेन-पोर्तुगाल आणि इराण यांना स्वतःचे खास पॅक मिळाले. ऑक्टोबर २०२५ पर्यंत भारताच्या वाट्याला तसा स्वतंत्र पॅक आलेला नव्हता. म्हणजे आपण नकाशावर आहोत, पण आपल्यावर मेहनत कमी झाली आहे.

संस्कृती म्हणजे एक टेक्स्ट फाइल

फेब्रुवारी २०२२ च्या मोठ्या अपडेटमध्ये संस्कृतीची रचना नव्याने केली गेली. तेव्हापासून प्रत्येक संस्कृती काही पायांवर उभी असते. एक, तिची वृत्ती: लढाऊ, दरबारी, आध्यात्मिक वगैरे. दोन, वारसा, म्हणजे ती कोणत्या मोठ्या कुळातली. तीन, भाषा. चार, शस्त्र कोणी उचलायचं याची रीत. त्यावर परंपरा बसवलेल्या असतात: कोणी दर्यावर्दी, कोणी डोंगरी, कोणी कथा सांगणारे. या परंपरा पत्त्यांसारख्या समजा. प्रत्येक पत्त्याचा काही फायदा, कधी तोटाही. आणि हातात किती पत्ते धरायचे याला मर्यादा.

हे सगळं गेमच्या फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्येही ती उघडते. नकाशावरचा रंग, माणसांच्या नावांची यादी, चेहरेपट्टी, कपडे, इमारतींची शैली, प्रत्येकासाठी एकेक ओळ. भारतातल्या बहुतेक संस्कृतींना कपड्यांचा संच एकच, 'भारतीय' नावाचा. देवगिरीचा सरदार आणि बंगालचा सरदार एकाच कपाटातून कपडे काढतात म्हणा ना.

जे बरोबर जमलंय

आता न्याय करायचा तर तुलना हवी. 'एज ऑफ एम्पायर्स २' आपल्याकडे सायबर कॅफेच्या काळापासून खेळला जातोय. त्यात २०१३ च्या विस्तारात सगळा भारत मिळून एकच 'इंडियन्स' होता. एप्रिल २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आला आणि त्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर असे चार गट झाले. सुधारणा मोठीच. पण तिथे संस्कृती सामना सुरू करताना निवडायची आणि शेवटपर्यंत तीच ठेवायची. त्यात बदल नाही.

क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये संस्कृती बदलते. दोन संस्कृतींमध्ये 'स्वीकार' नावाचा एक आकडा असतो. शेजार, एकत्र राहणं यामुळे तो वाढतो. पुरेसा वाढला की दोघींची मिळून तिसरी संस्कृती घडवता येते, किंवा एकीतून दुसरी फुटून निघू शकते. इंग्लंड हे याचं सोपं उदाहरण. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी ते जिंकलं, आणि नॉर्मन व अँग्लो-सॅक्सन यांच्या मिसळणीतून पुढे 'इंग्लिश' घडले. गेम ही वाट खेळाडूला दाखवतो.

माझ्या मते या गेमची खरी कमाई हीच आहे. "आमची संस्कृती हजारो वर्षं जशीच्या तशी आहे" असं म्हणणाऱ्या कुठल्याही फॉरवर्डपेक्षा हा हिशेब खऱ्याच्या जास्त जवळ जातो.

आणि जिथे गाडी अडते

पहिली अडचण: पेन कोणाच्या हातात? गेममध्ये नवी परंपरा आणायचा अधिकार संस्कृतीच्या प्रमुखाचा, म्हणजे एखाद्या सत्ताधीशाचा. तो प्रतिष्ठेचे गुण खर्च करतो, काही वर्षं थांबतो, आणि परंपरा लागू होते.

आता गेमच्याच काळातला महाराष्ट्र घ्या. देवगिरीला यादवांचं राज्य. त्यांच्या शिलालेखांत संस्कृत आहे, कन्नड आहे आणि पुढे मराठीही आहे. दरबाराचा वाटा नव्हता असं नाही. पण याच तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोकांशी मराठीत बोलत गावोगाव फिरले, आणि त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लीळाचरित्रात मराठीतच गोळा केल्या. ज्ञानेश्वरी १२९० ची मानली जाते. नामदेव शिंपी, जनाबाई त्यांच्या घरची दासी, आणि चोखोबा तर मंदिराबाहेर ठेवलेले. ज्याला आपण आज मराठी परंपरा म्हणतो, तिचा केवढा मोठा भाग या माणसांनी उभा केला! यातल्या कोणाकडेही गेमच्या भाषेत 'प्रतिष्ठेचे गुण' नव्हते. रामदेवरायाने बटण दाबलं आणि वारी सुरू झाली, असं काही घडलेलं नाही. गेममध्ये मात्र दुसरा रस्ताच नाही, कारण परंपरा आणायचा अधिकार संस्कृतीच्या प्रमुखाकडेच असतो.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. नकाशावरच्या प्रत्येक काउंटीला, म्हणजे तालुका-जिल्ह्याएवढ्या तुकड्याला, एकच संस्कृती असते. एक तुकडा, एक रंग. सोलापूरला गेलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. तिथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येते, आणि कितीतरी माणसं तिन्हींत व्यवहार करतात. गेमला हे मांडताच येत नाही.

उलट गेम एक सोय देतो. तुमच्या कारभाऱ्याला सांगा, "इथे आपली संस्कृती वाढव." काही वर्षांत पट्टी भरते आणि अख्ख्या तुकड्याचा रंग बदलतो. तिथली माणसं कुठे गेली? त्यांची गाणी, शिव्या, म्हणी? पडद्यावर फक्त एक सूचना येते. खऱ्या जगात अशा प्रत्येक रंगबदलामागे शाळा, कचेऱ्या, स्थलांतरं आणि कित्येकदा जबरदस्ती असते.

मग खेळायचं की नाही?

बिनधास्त खेळा. गेमला नियम हवेत आणि नियमाला आकडे हवेत. कोणीही बनवला तरी काहीतरी गळणारच. फक्त असा नकाशा कोणी पुरावा म्हणून पुढे केला, की तीन प्रश्न विचारा. हा रंग कोणी भरला? या तुकड्यात दुसरं कोण राहत होतं? आणि बदल राजाने केला की लोकांनी?

आणि नुसतं नाक मुरडण्यापेक्षा एक चांगला मार्गही आहे. फाइल उघडी असल्यामुळे या गेमसाठी मॉड बनवता येतात आणि स्टीम वर्कशॉपवर टाकता येतात. नावांची यादी सुधारायला प्रोग्रॅमर असायची गरज नाही. यादवकाळातली खरी नावं शोधायला लीळाचरित्र आणि शिलालेख पुरेसे आहेत. आपल्या कॉलेजच्या इतिहास विभागातला एक आणि कॉम्प्युटर विभागातला एक, असे दोघं मिळून एका सुट्टीत हे काम करू शकतात. ते कोणी केलं नाही, तर आपल्या ओळी दूर कुठेतरी बसलेला माणूस भरत राहील, त्याला जेवढं माहीत आहे तेवढ्यावर.