सही जुळत नाही

बँकेच्या नोकरीत मी शेकडो चेक परत पाठवले. त्यातला एक अजून सलतो. आमच्या शाखेत एक निवृत्त गुरुजी यायचे. फळ्यावर काढावी तशी त्यांची टपोरी सही वर्षभरात बारीक, आक्रसलेली होत गेली. मी ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारला. गुरुजी काउंटरपाशी थरथरत्या हाताने पुन्हा पुन्हा सही करत राहिले, मागे रांग चुळबुळत होती. ‘घाबरता कशाला?’ मी म्हणालो. ते घाबरले नव्हते. त्यांना पार्किन्सन होता, हे मला पुढे कळले.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. विजेचा संदेश काठापर्यंत येऊन थांबतो आणि फट ओलांडते ते रसायन. काउंटरवरून स्लिप आत सरकवावी, तसे!

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये हे दाखवून दिले. बेडकाच्या हृदयाकडे जाणारी चेता उत्तेजित करून त्यांनी त्याची गती मंद केली आणि त्यातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावले. दोघांमध्ये चेतेचा एक धागाही नव्हता. निरोप द्रवातून गेला होता. १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले.

पार्किन्सनमध्ये डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाली जड होतात, अक्षर लहान होते. लेव्होडोपा हे औषध मेंदूत गेल्यावर डोपामिन बनते. आजार जात नाही, पण हात काही काळ ऐकतो.

आणि आपण काय म्हणतो? ‘मन खंबीर ठेवा.’ मधुमेही माणसाला ‘निश्चय करा, इन्सुलिन वाढेल’ असे कुणी सांगत नाही. मग मेंदूच्याच आजारात माणसाच्या स्वभावाला बोल का लावायचा? घरात कुणाचे अक्षर बारीक होऊ लागले, शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला, तर उपदेश बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बँकेतल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनाही सांगणे आहे: नमुना सही नव्याने घेता येते, हात चालेनासा झाला तर अंगठ्याचीही सोय नियमांत आहे.

नियम तेव्हा मला पाठ होते. गुरुजींना बसायला खुर्ची देण्याचे मात्र सुचले नव्हते.