ज्याचा सातबारा त्याचेच अनुदान?

शेतीच्या सरकारी अनुदानाचा विषय निघाला की चळवळीतले बरेच तरुण म्हणतात, "आपल्याकडे जमीनच नाही, मग हा आपला प्रश्न कसा?" आमचे म्हणणे उलट आहे. जमीन नाही, म्हणूनच हा आपला प्रश्न आहे.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. १९३३ साली, मंदीच्या काळात, कापसाचा भाव वर यावा म्हणून तिथल्या सरकारने कायदा केला. कापसाचा पेरा कमी करणाऱ्याला सरकार पैसे देणार. आर्कान्सा राज्यातल्या पॉइन्सेट काउंटीत जमीन मळेवाल्यांची होती आणि राबणारे होते काळे-गोरे वाटेकरी. पैशात वाटेकऱ्यांचाही हिस्सा धरलेला होता. पण अंमलबजावणी स्थानिक समित्यांकडे, आणि समित्यांवर वजन मळेवाल्यांचे! पैसा वर अडला. पेराच कमी, मग माणसे कशाला? कुटुंबेच्या कुटुंबे मळ्यावरून हाकलली गेली. म्हणजे अनुदानाने राबणाऱ्याला नुसते वगळले नाही, त्याला बेघर केले. १९३४ मध्ये याच काउंटीतल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' उभी केली.

गोष्ट तिथे संपत नाही. १९२० साली अमेरिकेत काळे शेतकरी नऊ लाखांहून अधिक होते. १९९७ च्या गणनेत ते वीस हजारांच्या आत आले. त्याच वर्षी त्यांनी कर्ज आणि मदतीतल्या वर्णभेदाबद्दल कृषी खात्याला कोर्टात खेचले. १९९९ मध्ये तडजोड झाली, भरपाईही मिळाली. पण गेलेली जमीन भरपाईने परत येत नाही. अनेक कुटुंबांकडे वडिलोपार्जित जमीन होती, वारसांच्या नावाचा पक्का कागद नव्हता. कागद नाही म्हणून योजना नाही.

ओळखीचे वाटते ना? पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी पैसे जमीन नावावर असलेल्यालाच मिळतात. बटईने कसणारा, गायरान कसूनही पट्टा न मिळालेला आणि दुसऱ्याच्या रानात खुरपणारी आपली माय या हिशेबात नाहीत. अतिवृष्टीत पीक गेले की पंचनामा मालकाच्या गटाचा होतो. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोण करतो?

कुणी विचारेल, "म्हणजे तुम्ही शेतकऱ्यांच्या मदतीच्या विरोधात?" मुळीच नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे. आमचा सवाल एवढाच की शेतकरी कोणाला म्हणायचे? कसणाऱ्याला की कागदवाल्याला?

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये याचे उत्तर दिले आहे. शेती हा सरकारी उद्योग असावा, जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, बी-बियाणे, पाणी, अवजारे सरकारने पुरवावीत. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. त्यांच्या मांडणीत सरकारी मदत कसणाऱ्या हातापर्यंत जाते. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच वाटेने नेला. आज त्यांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीन बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात ती किती जणांना मिळाली, हे आपण कधी विचारले?

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीइतक्याच नेटाने तीन कामे हाती घ्या. गावातल्या गायरान कसणाऱ्यांची यादी करा आणि पट्ट्यांचे अर्ज भरून घ्या. गायकवाड योजनेत तालुक्यात किती जमीन वाटली, हे माहिती अधिकारात मागा. आणि मदतीच्या यादीत बटईदार व शेतमजूर आले पाहिजेत, असा ठराव ग्रामसभेत मांडा. यादी करणाऱ्या टेबलावर आपला माणूस नसेल, तर यादीत आपले नाव येणार नाही. पॉइन्सेटने हेच शिकवले आहे.

जयभीम!