भूकंप झेलणाऱ्या घराला उन्हाळाही झेलता यावा: पुनर्वसित गावांचे मागणीपत्र

प्रति,
राज्य शासन, तसेच लातूर व धाराशिव जिल्हा प्रशासन यांस

आम्ही लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील पुनर्वसित गावांचे रहिवासी, इथले गवंडी आणि रोपवाटिका चालवणाऱ्या बचत गटांतील महिला संघटितपणे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीनांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. या घरांत आमची पुढची पिढी निर्धास्त झोपली, त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञता आहे. त्या काळात घर पारखण्याची एकच कसोटी होती: पुन्हा जमीन हलली तर ते पडेल का? एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार जातो तेव्हा त्या घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण दुपारी राहू शकेल का, हे पाहायचे राहून गेले. म्हणूनच घरोघर पुढच्या अंगाला पत्र्याची शेड आली आणि स्लॅबखालच्या खोलीत धान्याची पोती गेली.

माळवदाविषयी, म्हणजे जुन्या गावांतल्या मातीच्या छताच्या घरांविषयी, आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो, कारण ‘तुम्हाला पुन्हा मातीची घरे हवीत का’ असे आम्हाला विचारले जाते. माळवद थंड होते हे खरे. छतावरचा दीड-दोन फूट मातीचा थर दिवसाचे ऊन रात्रीपर्यंतही आत येऊ देत नसे. पण ४०० चौरस फुटांवर दीड फूट माती म्हणजे पंचवीस टनांहून अधिक वजन. ते पेलणाऱ्या दोन-अडीच फुटी भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, आतले आणि बाहेरचे तोंड सांधणारे लांब दगड न घातलेल्या. जमीन हलली, दोन्ही तोंडे फाकली आणि माती माणसांवर आली. ज्या घरांत लाकडी खणांचा सांगाडा भक्कम होता, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत खांबांवर उभे राहिले. जीव घेतला तो सैल भिंतींवरच्या वजनाने. गारवा मात्र केवळ मातीचा नव्हता. शेजाऱ्याला लागून असलेली भिंत, ओसरी, चौक, अरुंद बोळातली सावली, या सगळ्यांनी मिळून तो तयार होत असे. धोका टाळून हा गारवा परत आणता येतो, आणि त्यासाठीच पुढील मागण्या आहेत.

पहिली मागणी छताची. चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून खोलीत उष्णता सोडतो. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. केंद्राच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ने निवासी इमारतीच्या छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे. तिच्या मापाने चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला, ही उष्णता १.२ वॅटपेक्षा जास्त नसावी. उघडा स्लॅब याच्या अडीच-तीन पट उष्णता आत घेतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी राज्याचे धोरण जाहीर केले. आमच्या छतांवर पांढरा, ऊन परतवणारा लेप शासकीय खर्चाने लावावा आणि तो किती वर्षांनी पुन्हा द्यायचा हेही आदेशात लिहावे. साधा चुना स्वस्त पडतो, पण पावसात धुपतो. एका वर्षाच्या निधीने काम संपले असे धरू नये.

मात्र लेपाआधी तपासणी हवी, यावर आमच्या गवंडी सभासदांचा विशेष आग्रह आहे. ही घरे तीस वर्षांची झाली. काही ठिकाणी स्लॅब गळतो, गिलावा सुटून गंजलेली सळई दिसते. अशा छतावर गळती थांबवण्यासाठी सरसकट चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला, तर दर चौरस मीटरला दीड-दोनशे किलो वजन वाढते. गारव्याच्या नावाखाली पुन्हा डोक्यावर ओझे चढवू नका. अभियंत्याने घर पाहावे, सळई दुरुस्त करावी, आणि जिथे स्लॅब सक्षम नाही तिथे हलका उष्णतारोधक थर किंवा छतापासून सुटा मांडव द्यावा.

दुसरी मागणी सावलीची, आणि ती आम्हाला छताइतकीच महत्त्वाची वाटते. जुन्या गावात घरे एकमेकांना खेटून असल्याने एखाद-दुसरीच भिंत उन्हात असे. नव्या गावात प्रत्येक घर सुटे आहे आणि चारही भिंती तापतात. रस्ते रुंद व सरळ आहेत, पण त्यांच्या कडेला झाड नाही. हीच रुंदी आता उपयोगी पडावी. लातूर साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यानंतर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला त्रास थोडा. खरा मारा पश्चिमेचा. उतरते ऊन छज्ज्याखालून थेट भिंतीवर येते, त्याला झाड किंवा जाळीच अडवू शकते. म्हणून प्रत्येक घराच्या पश्चिमेला निदान एक सावलीचे झाड आणि वेलाचा मांडव यांसाठी रोजगार हमीतून खड्डे, रोपे व कुंपण मिळावे. झाडे इथलीच असावीत: कडुलिंब, करंज, चिंच. वड-पिंपळ घरापासून दूर, पाराच्या जागी लावावेत, कारण त्यांची मुळे घराच्या पायात शिरतात. गुलमोहराची फांदी वादळात सहज मोडते, तो घराशेजारी नको. मांडवावर दोडका, दुधी, वाल चढवला तर सावलीबरोबर भाजीही मिळते, हे आमच्या बायकांना कुणी शिकवायला नको. शोभेची हिरवळ आणि सिमेंटच्या ठोकळ्यांचे चौक यांवर गावाचा पैसा खर्च करू नये.

झाडांना पाणी कुठून, हा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर होते. आमचा हिशेब असा: ४०० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे वीस हजार लिटर पाणी हाती येते. ते साठवण्या-मुरवण्याची सोय प्रत्येक घराला द्यावी. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी गटारात न जाता वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून झाडाच्या आळ्यात यावे. पहिली तीन वर्षे रोपे जगवण्याचे काम बचत गटांना मोबदल्यासह द्यावे आणि देयक लावलेल्या रोपांवर न काढता जगलेल्या झाडांवर काढावे.

तिसरी मागणी आता बांधल्या जाणाऱ्या घरकुलांविषयी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आणि सपाट प्रदेशातील मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपये आहे. एवढ्यात लाभार्थी पत्रा नाहीतर उघडा स्लॅब एवढेच करू शकतो. छताच्या उष्णतारोधनासाठी आणि ओसरीसाठी राज्याने वेगळी रक्कम द्यावी. भारतीय मानक ब्युरोची मातीच्या व साध्या दगडी-विटांच्या भूकंपरोधक बांधकामाची मानके, आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८, १९९३ पासूनच उपलब्ध आहेत. त्यांनुसार पट्टे, कोपऱ्यांची बांधणी आणि सांधणारे दगड घालून, हलके छत ठेवून केलेल्या स्थानिक साहित्याच्या घराला तांत्रिक मंजुरी नाकारू नये. गवंडी प्रशिक्षणात याचा आणि उन्हाच्या दिशेचा अभ्यास यावा.

शाळा व अंगणवाड्यांची छते तपासणी व लेपाच्या कामात सर्वप्रथम घ्यावीत.

छतांची तपासणी येत्या हिवाळ्यात पूर्ण करून तिचा अहवाल २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, लेपाचे काम मार्चअखेर संपवावे आणि झाडांचे खड्डे मृगाच्या आधी खोदून तयार असावेत. निधी कमी पडत असेल तर घरांमधली सुरुवात भूमिहीनांच्या २५० चौरस फुटांच्या घरांपासून व्हावी. त्या घरांत दुसरी खोली नाही आणि शेड घालायला अंगणही अपुरे आहे.