यंत्र घेण्याआधी दंड मोजा

गोराई गावातून बोरिवलीच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे लाँचने खाडी ओलांडायची, नाहीतर उत्तन-भाईंदरमार्गे मोठा वळसा घ्यायचा. अशा ठिकाणी बीपीचं यंत्र घरात असणं ही चैन नाही, गरज आहे. पण ते घेताना आपण किंमत विचारतो, मोबाइलला जोडता येतं का हे विचारतो. पट्ट्याचं माप विचारायचं राहून जातं. आकड्याचा खरेपणा मात्र तिथेच ठरतो. पट्ट्यात हवा भरून यंत्र दंडातली रोहिणी दाबतं, ठोक्यागणिक पट्ट्यात उठणारी कंपनं टिपतं आणि त्यावरून दाबाचा हिशेब करतं. पट्टा लहान पडला, तर रोहिणी दाबायला जास्त हवा लागते आणि नसलेला दाब दिसू लागतो. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावला तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. यंत्रासोबत बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा मिळतो. वर्षानुवर्षं जाळी ओढून कमावलेला दंड त्यात मावेलच असं नाही. म्हणून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेप लावून घरातल्या प्रत्येकाच्या दंडाचा घेर घ्यावा आणि मगच दुकानात जावं.

मनगटावरचं यंत्र सुटसुटीत असतं हे खरं, पण हात हृदयाच्या पातळीखाली राहिला की त्याचा आकडा वाढतो. म्हणून दंडावरचंच घ्यावं. महाग यंत्र अचूकच असतं असंही नाही. मॉडेलची स्वतंत्र चाचणी झाली आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावरच्या यादीत पाहता येतं. खर्च झेपत नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून एक यंत्र आणि दोन मापांचे पट्टे घ्यावेत.

घरात यंत्र आलं की माणूस दिवसभर बीपीच मोजत बसतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय शिस्तीचा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस; आकडे वहीत लिहावेत. पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही डॉक्टरांना दाखवावी; गोळी आपल्या मनाने वाढवू वा थांबवू नये. त्या वहीवरून कदाचित आयुष्यभराची गोळी ठरणार असते. तिच्यातला आकडा खरा यावा यासाठी लागणारी टेप शिलाई मशीनच्या खणात पडलेलीच असते.