माल खपला, की नुसताच हलला?

कारखानदाराने घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात माल पोहोचता केला म्हणजे तो खपला, असे समजावयाचे काय? हिशेबाच्या वहीपुरते या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र अखेरच्या ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत माल खपला असे म्हणता येत नाही. ग्राफिक्स चिप तयार करविणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या भागधारकांना या भेदाची किंमत दोनदा मोजावी लागली आहे.

२०१७ साली आभासी चलनांचे भाव कडाडले. त्यांपैकी इथेरियम या चलनाची नवी नाणी मिळविण्यासाठी संगणकाकडून अखंड आकडेमोड करवून घ्यावी लागे आणि त्या कामी संगणकीय खेळांसाठी बनविलेली ग्राफिक्स कार्डे उपयोगी पडत. साहजिकच कार्डांचा तुटवडा पडला, किमती चढल्या आणि व्यापाऱ्यांच्या मागण्या फुगल्या. पण जानेवारी २०१८ मध्ये सुमारे १,४०० डॉलरवर गेलेले इथेरियम त्याच वर्षाच्या डिसेंबरात १०० डॉलरच्या खाली आले. धंदा आतबट्ट्याचा ठरताच मागणी आटली आणि व्यापाऱ्यांकडे कार्डांचा साठा पडून राहिला. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी कंपनीने पुढील तिमाहीच्या विक्रीचा अंदाज २७० कोटी डॉलर इतकाच दिला. बाजाराची अपेक्षा याहून पुष्कळ मोठी होती. दुसऱ्याच दिवशी समभाग सुमारे १९ टक्क्यांनी कोसळला. जानेवारी २०१९ मध्ये तो अंदाजही २२० कोटींवर आणावा लागला.

साडेतीन वर्षांनी याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. महासाथीच्या काळात वाढलेली मागणी ओसरली आणि ८१० कोटी डॉलरच्या अपेक्षित विक्रीऐवजी ६७० कोटींचीच विक्री झाल्याचे कंपनीने ८ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर केले. त्याबरोबरच, मुख्यत्वे अतिरिक्त मालसाठ्यापोटी, सुमारे १३२ कोटी डॉलरचा बोजा नफ्यावर पडेल असेही सांगितले.

एवढी हुशार माणसे एकाच खड्ड्यात दोनदा कशी पडतात? उत्तर धंद्याच्या घडणीत आहे. ही कंपनी चिपचा आराखडा करते. प्रत्यक्ष उत्पादन प्रामुख्याने तैवानमधील कारखान्यांत होते आणि त्यासाठी मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. टंचाईच्या दिवसांत प्रत्येक व्यापारी गरजेपेक्षा अधिक माल मागतो. आसुडाची मूठ थोडीशी हलली तरी टोकाला मोठा फटकारा बसावा, तसा ग्राहकाच्या मागणीतील लहानसा चढउतार कारखान्यापर्यंत पोहोचताना कितीतरी मोठा होतो. मालसाठा म्हणजे उद्याच्या मागणीविषयी काल बांधलेला अंदाजच होय.

गुंतवणूकदाराची खरी अडचण पुढेच आहे. ताळेबंदात कंपनीच्या स्वतःच्या गोदामातील माल दिसतो. व्यापाऱ्यांच्या गोदामात अडकलेला माल तेथे दिसत नाही. तो माल कोण व कशासाठी घेत आहे, हेही कळत नाही. २०१८ च्या आर्थिक वर्षातील दोन तिमाहींत विक्रीच्या वाढीत आभासी चलनाच्या धंद्याचा मोठा वाटा होता, ही गोष्ट पुरेशी उघड केली नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखे बाजार नियंत्रकांनी मे २०२२ मध्ये ठेवला. आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने ५५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले.

याचा अर्थ अतिरिक्त साठा दिसताच पळ काढावा, असा मात्र नव्हे. २०२२ मध्ये घाबरून समभाग विकणाऱ्यांना पुढच्याच वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेवर कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेलेले पाहावे लागले. तथापि लाट मोठी असली म्हणून प्रश्न बदलत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने चीनला एच-२० चिप पाठविण्यास परवाना आवश्यक केला आणि त्या एका तिमाहीत कंपनीला ४५० कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. खरेदीदार मोजके आणि बडे असले, की एकाने हात आखडता घेतला तरी गोदामे भरू लागतात.

हा विषय दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. अमेरिकन समभागांत पैसा गुंतविणाऱ्या म्युच्युअल फंडांच्या योजना भारतातही आहेत आणि त्यांत पगारदारांची बचतही जाते. अशा बचतदाराने नफ्याचा आकडा वाचण्यापूर्वी मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतो आहे काय, पुढील खरेदीची बांधिलकी किती आहे आणि माल अखेर कोणाच्या हाती जातो, हे तीन प्रश्न विचारावेत. पण तिसऱ्याचे उत्तर त्याला वहीत सापडावयाचे नाही. म्हणून व्यापाऱ्यांकडील साठ्याची माहिती तिमाही अहवालात देणे कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता नियमानेच बंधनकारक झाले पाहिजे. अंदाज चुकणे हा व्यापाराचा धर्म आहे. त्या चुकीची वार्ता छोट्या गुंतवणूकदाराला सर्वांत शेवटी कळावी, हा मात्र धर्म नव्हे.