मुंगीकडून आपण अर्धाच धडा घेतो



नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे धाडले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो भाग आला की आपण सारे एकच सांगतो : मुंगी कष्टाळू आहे, वेळेवर साठवण करते, तेव्हा मुलांनो, अभ्यास करा. माझ्या मते हा धडा अर्धाच झाला. मुंगी राबते, तशी ती ऐकतेही.

कानांनी नव्हे, कान तिला नाहीतच. हवेतून येणारा आवाज तिला जवळजवळ कळत नाही. शेजारी उभे राहून ओरडा, ती आपली चाललेलीच. पण माती किंवा फांदी किंचित थरथरली तरी तिच्या पायांना ते लगेच समजते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत पाने कापून नेणाऱ्या मुंग्या आहेत. त्यांच्या पोटावर, कमरेजवळ, बारीक रेघांची पट्टी असते आणि तिच्यावर घासणारी एक धार. पोट वरखाली केले की कंप उठतो, फणीच्या दात्यांवरून नख ओढावे तसा. ह्युबर्ट मार्कल या जर्मन शास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवून दिले की मातीखाली गाडली गेलेली मुंगी अशी किरकिर करते आणि वरच्या मुंग्या नेमक्या त्या जागी उकरू लागतात. चांगले पान सापडले तरी त्या कापताना किरकिरतात. कंप देठातून जातो आणि बाकीच्या येतात. (ही पाने नेऊन त्या वारुळात बुरशीची शेती करतात, पण तो विषय वेगळा.)

कोणी म्हणेल, ही तर उपजत क्रिया, यात दया कुठे आली? मान्य. मुंगीला कळवळा येतो असे मीही म्हणत नाही. पण शास्त्रलेखानेही तिला पुण्यवान म्हटलेले नाही, तिच्याकडे पाहा एवढेच सांगितले आहे.

आपल्याकडे माईक आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. कर्जाखाली किंवा दुःखाखाली गाडला गेलेला माणूस ग्रुपवर काही लिहीत नाही. फोनवर आजी "बरी आहे रे बाळा" म्हणते. घरी जाऊन अर्धा तास बसले की औषधाची रिकामी पाकिटे दिसतात.

म्हणून दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांनी महिन्यातून एका रविवारी पाठांतराऐवजी दोन घरी जाऊन नुसते बसावे, भाषण नको, गाणे नको, असे मी पॅरिश कौन्सिलपुढे मांडले आहे. काही पालकांचे म्हणणे, प्रश्नोत्तरे पाठ कधी होणार? बैठक पुढच्या आठवड्यात आहे. आपले मत तिथे येऊन सांगावे.